मदत हवी आहे : खाऱ्या हवेत जुनी एमजीबी मोटार राखावी की स्पिटफायर घ्यावी?

नमस्कार. रत्नागिरीजवळ, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आमचे घर असून वडिलांनी जिवापाड जपलेली १९६७ सालची एमजीबी रोडस्टर (उघड्या टपाची ब्रिटिश मोटार) आजही चालू आहे. पावसाळा सरल्यावर दाराखालचा सिल, म्हणजे उंबऱ्यासारखी पोकळ पत्र्याची पट्टी, स्क्रूड्रायव्हरने टोकरून पाहिला, तेव्हा रंगाचा फुगा फुटून तांबूस भुगा तळहातावर आला. या गाडीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नसल्याने सिलच भार पेलतात. त्यामुळे वरून पत्रा ठोकून भागणार नाही, बॉडीला नीट टेकू देऊन आतला गंजलेला थर कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल, असे माझे मत आहे.

दरम्यान, एका परिचितांची ट्रायम्फ स्पिटफायर ही तशीच जुनी ब्रिटिश मोटार मिळण्यासारखी आहे. तिची चासी स्वतंत्र आहे आणि बॉनेट मडगार्डांसह अख्खे उघडत असल्याने इंजिनाचे काम सोपे जाते. मात्र आंबा घाटात एमजीबीच्या १७९८ सीसी इंजिनाची जी ओढ जाणवते, ती तिच्यात नाही.

किनाऱ्यावर स्पिटफायर वापरलेल्यांनी तिचे सिल कितपत टिकले ते कृपया सांगावे. तसेच रत्नागिरी-कोल्हापूर पट्ट्यात असे वेल्डिंग जबाबदारीने करणारा कारागीर आणि पोकळ भागांत गंजरोधक मेण फवारण्याचा योग्य हंगाम कळवावा. स्पिटफायर घेतली तरी वडिलांची गाडी विकण्याचा विचार नाही.