गेममधलं जुनं वर्तमानपत्र: पहिल्या पानावर काय हवं?

लालबागचा_वेताळ
आमच्या दादरच्या ग्रुपचं रोलप्लेइंग गेमचं कॅम्पेन (पात्रं वठवत, फासे टाकत अनेक बैठकांत चालणारी गोष्ट) शंखबंदर नावाच्या काल्पनिक शहरात चालतं. काळ साधारण 1860 च्या मुंबईसारखा. छापखाने आहेत, गिरण्या नुकत्याच उभ्या राहिल्यात, खाडीत गिऱ्हा (पाण्यातलं भूत) आहे. दर सेशनला मी 'शंखबंदर वृत्त'चा एक पाठपोट कागद काढतो. त्यावरून ग्रुपमध्ये वाद पेटलाय, म्हणून इथे विचारतो.

माझं मत, जुनं वर्तमानपत्र काढायचं तर त्यानं जुन्यासारखं वागावं. नेटवरचे तयार नमुने बघा: वर भला मोठा मथळा, मध्ये ड्रॅगन, खाली 'शूरवीर पाहिजेत'. त्या काळचा रोजचा पेपर सहसा असा दिसत नसे. लंडनच्या टाइम्सनं पहिलं पान 1966 पर्यंत छोट्या जाहिरातींना दिलं होतं, आपल्याकडे 'द हिंदू'नं 1958 पर्यंत. म्हणून माझ्या पहिल्या पानावर गलबतांची ये-जा, कापसाचे भाव, लिलाव, हरवलेली घोडी आणि भूत उतरवणाऱ्या पंचाक्षऱ्याची जाहिरात. खून मागच्या बाजूला, चार ओळींत.

शिवाय संपादकाचे हितसंबंध हवेत. गिरणीमालक जाहिराती देतो, म्हणून गिरणीतली आग बातमीत नाही. ती टोपणनावानं आलेल्या वाचकाच्या पत्रात आहे. गोपाळ हरी देशमुखांनी 1848 पासून 'प्रभाकर'मध्ये लोकहितवादी या नावानं पत्रंच लिहिली. त्या काळी खरा दारूगोळा पत्रांतच असायचा.

कल्याण_स्लो
हे सगळं तुमच्या मजेसाठी चाललंय हो, खेळाडूंच्या नाही. आठवडाभर ऑफिस करून, लोकलला लटकून माणूस येतो तो फासे टाकायला. त्याच्या हातात कापसाचे भाव? हँडआउटचं, म्हणजे खेळाडूंच्या हातात दिलेल्या कागदाचं, काम एकच, पुढे काय करायचं ते सुचवणं. एक मथळा, एक चित्र, दोन नावं, बस्स. खून चार ओळींत लपवला आणि कुणाला सापडला नाही की अख्खी संध्याकाळ चहा पिण्यात जाते. वर डीएम (गेम चालवणारा) म्हणणार, "अरे, पेपरात होतं की!" मग पेपर काढलाच कशाला?

पितळी_खिळा
माझी अडचण वेगळी आहे. तुमच्या जगात मांत्रिक आरशातून शंभर कोसांवर बोलतात ना? मग बातमी गलबतानं का येते? जादू आहे आणि पेपर मात्र शिळा, हे जुळत नाही.

लालबागचा_वेताळ
@पितळी_खिळा, आरसे आहेत, पण सावकारांकडे. 1865 साली अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्याची खबर आली आणि मुंबईत कापसाचे भाव कोसळले, बॅक बे भरावाच्या कंपनीचे शेअर मातीमोल झाले. अशा वेळी ज्याला एक दिवस आधी कळतं तो आपला माल विकून मोकळा होतो. तो ते संपादकाला कशाला सांगेल? 'वृत्त'मध्ये येतं ते सावकारांचं विकून झाल्यावर. पेपर शिळा आहे म्हणूनच आरसा चोरण्यात अर्थ आहे.

@कल्याण_स्लो, खुनाचा धागा एकट्या पेपरात नाहीच. कोतवालही सांगतो, खानावळवालीही.

कल्याण_स्लो
मग पेपरची गरज काय राहिली? खानावळवाली पुरे.

अमावस्येची_आजी
वेताळा, अंक दिसायला छान आहे, पण चहात बुडवून ओव्हनमध्ये भाजला असतास तर खरा जुना वाटला असता.

लालबागचा_वेताळ
आजी, नाही! पात्रांच्या हातात तो आज सकाळचा अंक आहे. पिवळा का असेल? फार तर शाई बोटांना लागेल. चहाचे डाग तळघरात सापडलेल्या पत्राला द्या.

पितळी_खिळा
आरशांचं पटलं. आता एक सूचना. बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' 1832 मध्ये मुंबईत निघालं तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी रकान्यांत छापला जायचा. शंखबंदरातही राज्यकर्त्यांची भाषा वेगळी आहेच. दोन रकाने कर, पण मजकूर जुळू देऊ नकोस. डावीकडे 'गोदीत शांतता', उजवीकडे मेलेल्या हमालांची नावं. ज्याच्या पात्राला ती भाषा येते त्यालाच उजवा कागद द्यायचा.

कल्याण_स्लो
म्हणजे एक जण वाचणार आणि बाकीचे मोबाइल काढणार. माझ्या टेबलवर हे चालणार नाही.

पितळी_खिळा
वाचणारा बाकीच्यांना खरं सांगेल कशावरून? त्याचं पात्र चोर असेल तर?

कल्याण_स्लो
हं. हे मात्र करून बघायला हरकत नाही. कापसाचे भाव तरीही नकोत.

गिऱ्हा_मारणारी
मी वेताळच्याच टेबलवर खेळते. मागच्या अंकात एका गलबताच्या लिलावाची जाहिरात होती. त्याच पानावर ये-जा यादीत तेच गलबत दोन आठवड्यांपूर्वी बुडालेलं होतं. मग लिलाव कशाचा? मी थेट लिलावघरात घुसले, आणि पुढची दोन सेशन त्यातच गेली.

कल्याण_स्लो
भारी. टेबलवरच्या बाकी चौघांनी ती यादी वाचली होती?

गिऱ्हा_मारणारी
एकानंही नाही. एकानं त्या कागदावर वडापाव ठेवला होता.

लालबागचा_वेताळ
पुढच्या अंकापासून पाच प्रती काढतो. वडापावसाठी सहावी.