पोस्टग्रेस ९.६ वर थांबलेले ज्ञान १७ पर्यंत कसे आणावे?

प्रश्न (नाशिक)

नमस्कार. मी एका उत्पादन कंपनीत नऊ वर्षे डेटाबेस सांभाळते. आमच्याकडे पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची ९.६ ही आवृत्ती आहे. ती २०१६ मध्ये आली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तिची मुदत संपली, म्हणजे तेव्हापासून तिला सुरक्षेच्या दुरुस्त्याही मिळत नाहीत. सर्व्हर बिनतक्रार चालतो, त्यामुळे अपग्रेडचा विषय काढला की ‘चाललंय ना, मग कशाला हात लावायचा’ हेच ऐकावे लागते.

गेल्या महिन्यात एका मुलाखतीत स्टँडबाय सर्व्हर (मुख्य सर्व्हर बंद पडला तर त्याची जागा घेणारी प्रत) कसा उभारता असे विचारले, तेव्हा मी ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ ही फाइल कशी लिहायची ते सविस्तर सांगितले. समोरच्या गृहस्थांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि १२ व्या आवृत्तीपासून ती फाइल रद्द झाली आहे, इतकेच नव्हे तर ती सापडली तर सर्व्हर सुरूच होत नाही, असे सांगितले. जे काम मी डोळे मिटून करते तेच हातातून निसटलेले पाहून फार वाईट वाटले. दरवर्षी एक मुख्य आवृत्ती येत असताना, आणि ऑफिसात नवी आवृत्ती हाताळायलाच मिळत नसताना, सुरुवात कुठून करावी? प्रमाणपत्राची परीक्षा द्यावी का?

उत्तर १ (पुणे)

आपली पायाभूत जाण जुनी झालेली नाही, हे आधी सांगतो. एकाच ओळीच्या अनेक प्रती का राहतात, जुन्या प्रती साफ करणारा व्हॅक्यूम कशासाठी लागतो, प्रत्येक बदल आधी वॉलमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) का लिहिला जातो, क्वेरी म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न कसा चालेल ते दाखवणाऱ्या एक्सप्लेनमध्ये ओळींचा अंदाज आणि प्रत्यक्ष संख्या का जुळत नाहीत, हे ज्याला कळते त्याला १७ वी आवृत्ती परकी वाटणार नाही. बदलतात ती नावे, फाइलींच्या जागा आणि डिफॉल्ट सेटिंग्ज, आणि मुलाखतीत माणूस अडकतो तो तिथेच.

म्हणून नव्या सुविधांच्या याद्या सध्या बाजूला ठेवा. प्रत्येक मुख्य आवृत्तीच्या अधिकृत टिपणांत स्थलांतराचा एक विभाग असतो आणि जुन्या पद्धतीशी न जुळणारे बदल त्यात लिहिलेले असतात. १० पासून क्रमाने ते विभाग वाचा आणि प्रत्येक मुद्द्यापुढे आपल्या कोणत्या स्क्रिप्टला त्याची झळ बसेल ते लिहून काढा. १० व्या आवृत्तीत ‘पीजी-एक्सलॉग’ या फोल्डरचे नाव ‘पीजी-वॉल’ झाले, कारण नावातला ‘लॉग’ पाहून, डिस्क भरली की लोक त्यातल्या फाइली साध्या नोंदी समजून पुसून टाकत आणि डेटाबेस गमावून बसत. असे कारण कळले की बदल पाठ करावा लागत नाही. १४ व्या आवृत्तीपासून पासवर्ड साठवण्याची डिफॉल्ट पद्धत एमडी५ ऐवजी स्क्रॅम झाली, त्यामुळे नव्या पद्धतीने साठवलेल्या पासवर्डने अ‍ॅप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणाऱ्या जुन्या ड्रायव्हरला लॉगिन जमत नाही. १५ व्या आवृत्तीत एक्सक्लुझिव्ह बॅकअप (एका वेळी एकच चालणारी जुनी पद्धत) काढून टाकला आणि बॅकअप सुरू करणाऱ्या फंक्शनचे नावही बदलले. आपली बॅकअपची स्क्रिप्ट २०१६ ची असेल, तर सर्वांत आधी ती उघडून पाहा.

परीक्षेमुळे अभ्यासाला शिस्त लागते, पण परीक्षा आत्ता नको.

उत्तर २ (कोल्हापूर)

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त वाचनाला हाताने करून पाहण्याची जोड हवी. आम्ही ११ वरून १३ वर गेलो तेव्हा मी टिपणे वाचली होती, तरीही महिनाअखेरचा एक अहवाल, जो दहा-बारा सेकंदांत निघत असे, तो अर्धा तास झाला तरी निघेना. त्यात ‘विथ’ वापरून एक उपप्रश्न आधी वेगळा काढलेला होता. १२ व्या आवृत्तीपूर्वी असा भाग नेहमी स्वतंत्रपणे चालत असे. त्यानंतर तो एकदाच वापरलेला असेल, तर क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर त्याला मुख्य क्वेरीत मिसळून टाकतो. ‘मटेरियलाइज्ड’ हा एक शब्द घातल्यावर अहवाल पूर्ववत झाला. नियम मला ठाऊक होता, पण आपल्या कोणत्या क्वेरी त्यावर विसंबून आहेत हे मी तपासलेच नव्हते.

दुसरे, पीजी-अपग्रेड हे अपग्रेडचे साधन वापरल्यास १७ पर्यंत तरी प्लॅनरला लागणारी टेबलांची आकडेवारी सोबत येत नाही, ती पुन्हा गोळा करणारे अ‍ॅनलाइझ आपणच चालवावे लागते. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत ती बहुतांशी टिकते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी घरच्या लॅपटॉपवर १७ वी आवृत्ती घातली. ग्राहकांची माहिती घरी आणणे योग्य नाही, म्हणून केवळ टेबलांची रचना आणली आणि त्यात बनावट नोंदी भरल्या. स्टँडबाय किती मागे आहे हे मोजणारी माझी स्क्रिप्ट पहिल्याच ओळीत थांबली, कारण तिच्यातल्या फंक्शनच्या नावात अजून ‘एक्सलॉग’ होते. त्यानंतर नवा डेटाबेस तयार केला, तर अ‍ॅप्लिकेशनच्या युजरला पब्लिक स्कीमामध्ये (टेबले ठेवण्याच्या डिफॉल्ट जागेत) टेबलच बनवता येईना. १५ व्या आवृत्तीत ती सर्वांना असलेली परवानगी काढली आहे, हे मी आदल्याच रात्री वाचले होते, त्यामुळे पाच मिनिटांत उलगडा झाला. जुना डेटाबेस अपग्रेड केला तर त्याच्या आधीच्या परवानग्या तशाच राहतात, हेही तिथेच कळले.

उत्तर ३ (बंगळूर)

ताई, कंपनीत अपग्रेडचा प्रस्ताव मांडाल तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमही बदलणार असेल, तर एक गोष्ट अवश्य तपासा. लिनक्समधील जीलिबसी या मूलभूत लायब्ररीच्या २.२८ या आवृत्तीत, म्हणजे २०१८ मध्ये, अक्षरांच्या क्रमवारीचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेटाच्या फाइली जशाच्या तशा नव्या मशीनवर नेल्या, तर मजकुरावरचे इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या सूची) जुन्या क्रमानेच राहतात. परिणामी असलेली नोंद सापडत नाही, किंवा पुनरावृत्ती रोखणारा युनिक इंडेक्स असूनही एकच नाव दोनदा शिरते, आणि कुठेही एरर दिसत नाही. असे इंडेक्स पुन्हा बांधून घ्यावेच लागतात. डंप (डेटाची पूर्ण निर्यात) काढून पुन्हा भरल्यास ही अडचण येत नाही, मात्र सर्व्हर तेवढा वेळ बंद ठेवावा लागतो. आपला डेटा किती जीबी आहे ते कळवलेत, तर कोणता मार्ग परवडेल ते सांगता येईल.