ईल धरण्याची साधनं: ‘सापळा’ कुठे चालतो, कुठे नाही?

मूळ प्रश्न

गोड्या पाण्यातले ईल खाण्यासाठी पूर्वापार कसे धरले जातात, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. न्यूझीलंडचे माओरी, ऑस्ट्रेलियातले गुंडिचमारा, इंग्लंड, आयर्लंड, इटली, जपान असा पसारा आहे. अडचण अशी की मूळ मजकुरात विणलेली टोपली, बांबूची नळी, नदीत आडवं घातलेलं कुंपण, दगडी वाटा या सगळ्यांना एकच ‘ट्रॅप’ आहे. माझ्या खर्ड्यात त्यामुळे ओळीओळीला ‘सापळा’ आलाय आणि वाचताना डोळ्यांसमोर उंदीर येतो. प्रत्येक साधनाला वेगळा मराठी शब्द मिळेल का? आणि मुळात ईलला वाम म्हणू, अहीर म्हणू, की ईलच राहू देऊ?

प्रतिसाद

आधी माशाचं ठरवूया.

‘वाम’ नको. मराठीत वाम हा शब्द दोन वेगळ्या माशांना चिकटलेला आहे. एक समुद्रातली वाम, मोठ्या जबड्याची. दुसरी नदीतली वाम किंवा बाम, जिच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. ही नदीतली वाम लांबुडकी असते म्हणून ईलसारखी वाटते, पण तिचं कूळच वेगळं. लेखातल्या ईलच्या पाठीवर काटे नसतात. पाठीचा पर शेपटीला वळसा घालून पोटाखालच्या पराला मिळतो, खवले इतके बारीक आणि कातडीत रुतलेले की हाताला लागत नाहीत, आणि अंगावर भरपूर बुळबुळीत चिकटा.

आपल्या नद्यांत या कुळातला जो मासा आहे त्याला ‘अहीर’ म्हणतात. तेव्हा अहीर हा नेमका शब्द. पण लेख जगभरचा असेल तर पहिल्या परिच्छेदात ‘ईल, म्हणजे आपल्याकडच्या अहीराचे भाऊबंद’ असं एकदा सांगून पुढे ईल वापरा.

आणखी एक जागा सांभाळा. माओरी भाषेत ईलला ‘तुना’ म्हणतात. रोमन लिपीतून घेताना कुणीही त्याचं ‘टूना’ करून टाकेल, आणि मग नदीतल्या टोपलीत समुद्रातला टूना सापडायला लागेल.

प्रतिसाद

वरच्या मुद्द्याला जोडून: दलदलीतला ईल म्हणून जो मासा सांगतात, आसामातला कुचिया त्यातलाच, तोही या कुळातला नाही. तो चिखलात बिळं करून राहतो, हवेत श्वास घेतो. लेखात त्याचा उल्लेख असेल तर वेगळा ठेवा.

प्रतिसाद

ताई, साधनांची नावं ठरवण्याआधी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी, कारण सगळे शब्द तिच्यावर अवलंबून आहेत. ईलच्या नदीतल्या आयुष्याचे दोन भाग आहेत आणि धरण्याच्या पद्धतीही त्यानुसार दोन आहेत.

ईल समुद्रात जन्मतो. युरोपातल्या ईलचं जन्मस्थान सारगॅसो समुद्र, हे डॅनिश शास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी १९०४ पासून जवळजवळ दोन दशकं लहानात लहान पिल्लांचा माग काढत दाखवलं. पिल्लू आधी पानासारखं चपटं, मग किनाऱ्याशी येताना काचेसारखं पारदर्शक, मग नदीत शिरून रंग धरतं. त्यानंतर कित्येक वर्षं, काही जातींत कित्येक दशकं, तो नदी-तळ्यात राहून खातो आणि वाढतो. या काळात तो पिवळट असतो, रात्री फिरतो, वासावर चालतो आणि दिवसा कुठल्याही अरुंद अंधाऱ्या जागेत अंग घालून बसतो. शेवटी एका शरद ऋतूत त्याचं रूप पालटतं. डोळे मोठे होतात, पोट रुपेरी होतं, आतडं आक्रसतं, खाणं बंद होतं आणि तो समुद्राकडे निघतो. अंडी घालतो आणि मरतो.

पिवळा ईल भुकेने किंवा आडोशासाठी स्वतःहून आत येतो. त्याच्यासाठी टोपली आणि नळी. रुपेरी ईलला आमिष दाखवून उपयोग नाही, तो प्रवाहाबरोबर खाली निघालेला असतो. त्याच्यासाठी वाट अडवावी लागते. तुमच्या यादीतलं प्रत्येक साधन या दोहोंपैकी एका बाजूला टाकून बघा, निम्मा गोंधळ तिथेच मिटेल.

आता टोपली. माओरींची ‘हीनाकी’ घ्या. कारेआओ नावाच्या चिवट वेलीची किंवा मांगेमांगे या वेलीसारख्या चढणाऱ्या नेच्याची ती विणतात. मधे फुगीर, लांबट, तोंडाशी आत वळलेलं नरसाळं. विणकरीचा सगळा कस या नरसाळ्यात असतो. बाहेरून ते रुंद आणि गुळगुळीत, आत जाताना निमुळतं, आणि आतल्या टोकाला वेलीची टोकं मोकळी, लवचिक सोडलेली. ईल डोकं घालतो, टोकं बाजूला होतात, अंग सरकून आत जातं, शेपूट आत गेली की टोकं पुन्हा जवळ येतात. परतताना तीच टोकं तोंडावर येतात. शिवाय ईल मागेही पोहू शकतो, त्यामुळे विणीत कुठे सैल जागा राहिली तर शेपटीचं टोक तिथे घालून जोर लावतो. म्हणून वीण इतकी घट्ट. या वस्तूला ‘सापळा’ म्हटलं की ही सगळी विणकरी शब्दातून निघून जाते. सापळ्यात चाप असतो, तो पडतो. इथे काहीच पडत नाही. ‘ईलची टोपली’ किंवा ‘नरसाळ्याची टोपली’ म्हणा आणि मूळ नाव ‘हीनाकी’ तसंच ठेवा.

इंग्लंडच्या दलदली भागात हीच वस्तू विलो झाडाच्या फोकांची. लांब, सडपातळ, आत एकामागे एक दोन नरसाळी आणि मागच्या टोकाला लाकडी बूच. बूच काढलं की ईल ओतता येतात. इथेही टोपलीच.

जपानमधला बांबू मात्र टोपली नव्हे. पेरं फोडून पोकळ केलेला बांबू तळाशी ठेवतात. काहींच्या तोंडाशी परत फिरू न देणारी काड्यांची झडप असते, काही अगदी साधे, दोन्हीकडून उघडे, आमिषाशिवाय. ईल त्यात निवाऱ्याला येतो आणि माणूस दोन्ही टोकं धरून नळा वर उचलतो. ‘बांबूचा नळा’ पुरेसं आहे. साध्या नळ्याला सापळा म्हणणं तर अर्थानेही चूक, कारण तो ईलला कोंडत नाही.

प्रतिसाद

टोपलीला ‘खोईन’ का नको? बांबूची असते, मासे आत जातात, बाहेर येत नाहीत. अस्सल मराठी शब्द हाताशी असताना ‘नरसाळ्याची टोपली’ असं वर्णन कशाला करायचं?

प्रतिसाद

खोईन चांगला शब्द आहे, पण तो दुसऱ्या बाजूचा. खोईन वाहत्या पाण्यात लावतात. दोन्हीकडून दगड रचून पाणी एका तोंडाकडे वळवायचं आणि त्या तोंडाला शंकूसारखी खोईन बसवायची. मासा तीत प्रवाहाने लोटला जातो. आमिषाचा संबंध नाही. संथ तळ्यात खोईन ठेवून काही मिळणार नाही, हीनाकी मात्र तळ्यातही चालते.

म्हणून ‘खोईन’ रुपेरी ईलच्या साधनांना द्या, तिथे तो चपखल बसतो. थेम्स नदीवर पूर्वी लाकडी चौकटीत ओळीने विलोच्या फोकांच्या मोठाल्या टोपल्या टांगलेल्या असत. रात्री त्या खाली सोडत, तोंडं वरच्या अंगाला, येणाऱ्या पाण्याकडे. त्या खोइनीच. माओरींच्या ‘पा तुना’तही असंच. नदीत खुंट ठोकून दोन तिरप्या भिंती एकमेकींकडे निमुळत्या करत आणायच्या, टोकाशी जाळ्याची नळी आणि नळीच्या शेवटी हीनाकी. इथे हीनाकी खोइनीचं काम करते.

त्या तिरप्या भिंतींना काय म्हणायचं, हा खरा प्रश्न. कोशात ‘बंधारा’ मिळेल. बंधारा पाणी अडवतो. पा तुनाच्या भिंती पाणी जाऊ देतात आणि फक्त ईल अडवतात, खुंटांच्या मधे झुडपांच्या फांद्या नाहीतर नेचे विणलेले असतात. आपल्याकडे काटक्या विणून केलेल्या भिंतीला ‘कूड’ म्हणतात. ‘नदीत घातलेली कूड’ हे वाचताक्षणी कळतं. इटलीत पो नदीच्या मुखाजवळ कोमाक्कियोला बोरू आणि खुंटांच्या बाणाच्या टोकासारख्या कुडी घालत, त्यांना ‘लाव्होरिएरो’ म्हणतात. शरदात समुद्राचं खारं पाणी आत सोडलं की खाजणातले रुपेरी ईल त्या खाऱ्या पाण्याच्या दिशेने निघतात आणि बाणाच्या टोकातल्या कोंडीत जमतात. पुढे त्या कुडी काँक्रीटच्या झाल्या. तिथे ‘कूड’ न म्हणता ‘लाव्होरिएरो’च लिहा.

प्रतिसाद

मग बज बिमच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या गुंडिचमारांच्या, दगडी कामाला कूड म्हणता येणार नाही.

प्रतिसाद

नाही, आणि त्यासाठी एकच शब्द शोधूही नका. आग्नेय ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातलं बज बिम हे लाव्हाच्या पठारावरचं अखंड जलव्यवस्थापन आहे. गुंडिचमारा लोकांनी काळ्या दगडात चर काढले, बांध घातले, तळी केली. त्यातले सर्वात जुने अवशेष सुमारे ६,६०० वर्षांपूर्वीचे आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत त्याची नोंद झाली. तिथे ‘कूयांग’, म्हणजे आखूड पराचा ईल, चरातून वळवून तळ्यात आणून ठेवत, हवा तेव्हा काढत. अरुंद तोंडाशी गवताची विणलेली लांब टोपली. याला ‘ईलचा सापळा’ म्हणणं म्हणजे पाटबंधाऱ्याच्या कालव्याला नळ म्हणणं. चर, बांध, तळं, टोपली असे चार वेगळे शब्द लिहा. चौघांची कामं वेगळी आहेत आणि ती वाचकाला दिसली पाहिजेत.

‘चर’ दुसरीकडेही लागेल. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर वाइरेवा तळं आणि समुद्र यांच्या मधे गोट्यांचा बांध आहे. न्गाइ ताहू हे तिथले माओरी लोक त्या गोट्यांत तळ्याकडून समुद्राच्या दिशेने अर्धवट चर खणतात. रात्री ईल समुद्राच्या ओढीने त्यात शिरतात आणि पुढे वाट संपते. टोपली नाही, जाळं नाही, नुसता चर. असं साधेपणाने धरणं मला फार आवडतं.

प्रतिसाद

क्रियापदांचं काय? इंग्लंडमधली एक पद्धत: लोकरीच्या धाग्यात गांडुळं ओवायची, त्याचा गुंता करून काठीला बांधून पाण्यात सोडायचा. माओरी हेच अळशीसारख्या हाराकेकेच्या तंतूंनी करतात. ईलचे बारीक दात धाग्यात अडकतात आणि तो सोडून देण्याआधी झटकन, पण सरळ वर उचलायचा. गळ नाहीच. ‘गरवणे’ म्हणावं का?

प्रतिसाद

गरवणे नको, त्यात गरी, म्हणजे गळ, आली. ‘गांडुळांच्या गुंत्यावर ईल उचलणे’ लिहा. गरवणे आयर्लंडच्या लॉख नेय सरोवरासाठीही पुरतं नाही, कारण तिथे एका लांब दोरीला ओळीने शेकडो गळ असतात. त्याला ‘दोरीवरचे गळ’.

आणि भाल्याची एक सूचना. युरोपातल्या ईलच्या भाल्याला जे दाते असतात ते बहुतेकदा चपटे, रुंद, कडेला खाचा असलेले असतात. चिखलात दाबला की ईल दोन दात्यांच्या फटीत चिमटला जातो, भोसकला जात नाही. ‘ईल भोसकणे’ असं भाषांतर झालं असेल तर काढा. ‘पंजा’ हा शब्द बघा, ‘चिखलात पंजा दाबून ईल धरणे’.

प्रतिसाद

खाण्याच्या भागातले दोन शब्द. ‘स्मोक्ड’साठी ‘सुकवलेला’ नको, ‘धुरी दिलेला’. माओरी ईल चिरून, काटा काढून, उघडून वाऱ्यावर वाळवतात, ती वेगळी क्रिया, तिथे ‘सुकवलेला’ बरोबर. कोमाक्कियोला तो सळईवर भाजून व्हिनेगरच्या खारवणीत मुरवतात, तो ‘मुरवलेला’. कुठेही ‘कच्चा’ पडू देऊ नका. ईलच्या रक्तात विषारी प्रथिन असतं, ते उष्णतेने निकामी होतं. जपानमध्येही नदीतला ईल, म्हणजे उनागी, भाजूनच खातात.

इंग्लंडच्या भागात ‘स्टिक’ आला असेल तर त्याचं ‘काठी’ करू नका. ते मोजमाप आहे, २५ ईलचं. मध्ययुगात तिथे जमिनीचा खंड ईलमध्ये भरत, १०८६ च्या ‘डूम्सडे’ या जमीन-मालमत्तेच्या नोंदीत गिरण्यांच्या नावावर ईलचे आकडे आहेत. आपल्या ‘शेकडा’, ‘कोडी’सारखा हाही मोजणीचा शब्द. ‘२५ ईलची एक जुडी’ असं उलगडून सांगा.

मूळ प्रश्नकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पिवळा आणि रुपेरी हा भेद मूळ लेखात शेवटच्या पानावर आहे, तो मी वर घेते. पहिला परिच्छेद असा बदलला आहे:

‘ईल खात असतो तोवर त्याला टोपलीत बोलावता येतं. खाणं सोडून तो समुद्राकडे निघाला की त्याची वाट अडवावी लागते. टोपलीला आमिष लागतं, कुडीला अंधारी रात्र आणि चढलेलं पाणी.’

एक शंका उरली. मूळ लेख सगळीकडे वर्तमानकाळात आहे. तसाच ठेवू?

प्रतिसाद

तिथे मात्र हात लावा. थेम्सवरच्या टोपल्या गेल्या, ‘टांगत असत’. वाइरेवाचे चर आजही खणले जातात, ‘खणतात’. बज बिमला गुंडिचमारा आजही टोपल्या विणतात, पण तिथलं पाणी वसाहतीच्या काळात निचरा करून काढलं गेलं आणि २०१० मध्ये नवा बांध घालून तळं पुन्हा भरलं, तेव्हा दोन्ही काळ लागतील. युरोपातला ईल आज अतिसंकटग्रस्त आहे. युरोपीय संघाने २००७ मध्ये नियम केला की मानवी हस्तक्षेप नसता तर जितके रुपेरी ईल समुद्रात पोहोचले असते, त्याच्या निदान ४० टक्के पोहोचले पाहिजेत. काचेसारख्या पिल्लांची आवक १९८० च्या आधीच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून जास्त घटली आहे. त्यामुळे ‘युरोपात लोक ईल धरतात’ असं मोघम वर्तमानकाळी वाक्य नको. कुठे, कोण, कुठल्या परवान्यावर, हे मूळ लेखात असेल तेवढंच वर्तमानकाळात घ्या, बाकीचं ‘धरत’.