८०० लुमेनचा बल्ब आणि टेबलावर फक्त ६० लक्स?

निळीवही:
अभ्यासाच्या टेबलावर उजेड पुरतोय का ते बघायचंय. बल्बच्या खोक्यावर ८०० लुमेन लिहिलंय, मोबाईलवर लक्स मोजायचं अ‍ॅप टाकलं तर ते जेमतेम ६० दाखवतंय, आणि एका जुन्या पुस्तकात वाचायला ३० फूट-कँडल हवेत असं दिलंय. डोकं गरगरलं. बल्ब गंडलाय का? टेबलापासून दीड मीटर वर आहे.

उजेडवाला:
बल्ब ठणठणीत आहे. लुमेन म्हणजे बल्बमधून एकूण किती प्रकाश निघतो ते, आणि लक्स म्हणजे त्यातला एका चौरस मीटरवर किती पडला ते. आता तुमचाच हिशोब करून बघू, समजा सगळा उजेड खालच्या बाजूलाच सारखा पसरतोय, तर दीड मीटर त्रिज्येच्या अर्धगोलाचं क्षेत्रफळ येतं साधारण १४ चौरस मीटर, ८०० भागिले १४ म्हणजे ५७. अ‍ॅप ६० म्हणतंय ना, मग जुळलं की!
फूट-कँडल पण लक्ससारखंच, फक्त चौरस मीटरऐवजी चौरस फूट. १ फूट-कँडल म्हणजे १०.७६ लक्स, म्हणून पुस्तकातले ३० म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास लक्स. तुमच्याकडे ६० आहेत, म्हणजे बरेच कमी पडतायत.

काजवा२२:
नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका हां. भर उन्हात १ लाख लक्स असतात आणि पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्ससुद्धा मुश्किलीने, तरी दोन्हीकडे आपल्याला दिसतं, कारण डोळा जुळवून घेतो. मोजताना मोबाईल टेबलावर सपाट ठेवा, सेन्सर बहुतेक वरच्या कडेला पुढच्या कॅमेऱ्याजवळ असतो, तिथे बोट किंवा डोक्याची सावली नको. आणि मोबाईल ६० अंश कलला तर आकडा निम्मा होतो, मी आधी हातात धरून मोजायचो तेव्हा दर वेळी वेगळंच यायचं.

निळीवही:
अरे वा, आत्ता कळलं! मग अजून मोठा बल्ब आणू का?

उजेडवाला:
नको, जवळ आणा. अंतर निम्मं केलं की लक्स चौपट होतात. हाच बल्ब टेबलापासून ६० सेंटीमीटरवर लावलात तर त्याच हिशोबाने ३५० च्या आसपास जाल. उजव्या हाताने लिहीत असाल तर दिवा डावीकडे ठेवा, नाहीतर नेमकी पेनाच्या टोकावरच हाताची सावली येते.