ऑफिसच्या रोजच्या कामासाठी लॅपटॉप: देखणा की दणकट? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

सांगलीत एका करसल्लागारांकडे कामाला आहे. ऑफिसचा लॅपटॉप बदलायचाय आणि "तूच बघ, मला त्यातलं काही कळत नाही" म्हणत साहेबांनी ते माझ्या गळ्यात घातलंय. बजेट सत्तर हजार, ओढूनताणून पंच्याहत्तर.

सध्याचा सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह आहे. चालतोय तसा, पण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर लागतो. क्लायंटांचे पॅन, बँक स्टेटमेंटं सगळं त्यातच. अशा मशिनवर ते किती दिवस ठेवायचं?

टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) दिवसभर उघडी असते. क्रोममध्ये जीएसटी पोर्टल, इन्कम टॅक्स, मेल, व्हॉट्सॲप वेब. खरी गंमत एक्सेलची: खरेदीची यादी जीएसटीआर-२बीशी (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणारी यादी) जुळवायची म्हणजे हजारो ओळींवर व्ही-लूकअप, एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारं सूत्र. ११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण), २० ला ३बी (कर भरायचं विवरण), आणि नेमकं तेव्हाच पान पांढरं पडून वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं. मग मी माऊसवरचा हातच काढून घेते. टास्क मॅनेजरमध्ये बघावं तर ८ जीबी रॅम काठोकाठ आणि प्रोसेसर निवांत. त्यामुळे १६ जीबी हवीच, हे नक्की.

दुकानदार एक ओएलईडी स्क्रीनवाला, हलकाफुलका दाखवतोय. दिसायला झकास, पण रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, म्हणजे डाख देऊन कायमची चिकटवलेली, आणि जुन्या आकाराचं यूएसबी पोर्ट एकच. डीएससीचं (डिजिटल सहीचं) टोकन, माऊस, प्रिंटर लावू कुठे? त्याच पैशात थिंकपॅड ई१४ किंवा एचपी प्रोबुक बसतंय. रॅमला स्लॉट आहे, नेटवर्कची वायर लावायला लॅनचं पोर्टही आहे (आमचा टॅलीचा डेटा दुसऱ्या मशिनवर असतो, वायफायवर रडत उघडतो). स्क्रीन मात्र अगदीच फिकी.

प्रोसेसरच्या नावाशेवटच्या यू आणि एचने आमच्या कामात फरक पडेल का? आणि ऑनसाइट वॉरंटीत माणूस खरंच ऑफिसात येतो का? साहेबांच्या मुलाचं टुमणं मॅकबुकचं आहे. टॅली त्यावर थेट चालत नाही, हे त्याला सांगून थकले.

प्रतिसाद:
ताई, थिंकपॅड किंवा प्रोबुकच घ्या. स्क्रीन फिकी वाटली तर टेबलावर मॉनिटर जोडता येतो, सोल्डर केलेली रॅम वाढवता येत नाही. यू कमी विजेवर चालतो, बॅटरी टिकते. एच जास्त वेळ जोर लावतो, पण तापतो आणि पंखा वाजतो. तुमच्या कामाला यू भरपूर झाला. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत अर्धी रॅम सोल्डर केलेली असू शकते, तेवढं विचारून घ्या. वॉरंटी बिलावर 'ऑनसाइट' लिहिलीय की 'कॅरी-इन', तेही वाचा. कॅरी-इन असेल तर लॅपटॉप तुम्हालाच सर्व्हिस सेंटरला न्यावा लागेल.

पण आधी एक बघा. एक्सेलमध्ये फाइल, अकाउंट, अबाउट एक्सेल. तिथे ३२-बिट दिसलं तर रॅम कितीही टाका, एक्सेल ४ जीबीच्या पुढे घेणारच नाही. आणि व्ही-लूकअपला अख्खा कॉलम देऊ नका, लागतात तेवढ्याच ओळी द्या.

धागाकर्ती:
३२-बिटच निघालं! नव्या मशिनवर ६४-बिट टाकून घेते. टॅलीतून ओडीबीसीने (दोन प्रोग्रॅमना जोडणारी सोय) एक्सेलमध्ये डेटा ओढतो आम्ही, त्यासाठी टॅलीही ६४-बिटच लागेल ना? कुणी करून बघितलंय का?