फोर्ज्ड आयर्न घेण्याची वेळ आली आहे, हे कशावरून ओळखावे?

प्रश्न

नमस्कार. मी सहा वर्षांपासून गोल्फ खेळतो. गेल्या दोन वर्षांत माझा हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा, कमी तितका चांगला) २१ वरून १३ वर आला आहे. माझा सध्याचा आयर्नचा (ग्रीनकडे चेंडू मारायच्या, नंबर दिलेल्या धातूच्या क्लबांचा) संच कास्ट, म्हणजे ओतीव पोलादाचा आहे. रुंद सोल (डोक्याचा तळ), मागे खोल पोकळी आणि जाड टॉपलाइन (डोक्याची वरची कड) असलेला. चेंडू लांब जात नाही, अशी माझी तक्रार नाही. अडचण अशी की सात नंबरने चेंडू एरवी १५० यार्ड जातो आणि मध्येच, मी काहीही वेगळे केलेले नसताना, १६२ यार्ड जाऊन ग्रीनच्या, म्हणजे खळीभोवतीच्या आखूड गवताच्या, पलीकडे पडतो.

गेल्या महिन्यात एका सोबत्याच्या फोर्ज्ड, म्हणजे घडीव, सात नंबरने मी दहा-बारा फटके मारले. त्यांतले दोन इतके नेमके बसले की चेंडू लागल्याचे हाताला जेमतेम जाणवले. बाकीचे मात्र नेहमीपेक्षा आखूड पडले. ते दोन फटके मनातून जात नाहीत, आणि म्हणूनच स्वतःच्या निर्णयावर माझा विश्वास बसत नाही. हँडिकॅप एक अंकी होईपर्यंत थांबावे, असे काही जण सांगतात, तर अवघड क्लब हाती घेतल्यानेच फटका सुधारतो, असे काहींचे म्हणणे आहे. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १

नमस्कार. फोर्ज्ड हा शब्द क्लब कसा घडवला ते सांगतो, तो खेळायला किती सोपा आहे ते सांगत नाही. मऊ कार्बन पोलादाचा तापवलेला दांडा साच्यात ठोकून घडवला की फोर्ज्ड क्लब तयार होतो. वितळलेले पोलाद साच्यात ओतले की कास्ट. पोकळी असलेले, बऱ्यापैकी क्षमाशील (चुकलेला फटकाही सांभाळून घेणारे) फोर्ज्ड आयर्न भरपूर मिळतात, आणि कास्ट आयर्न म्हणजे नवशिक्यांचेच, असेही नाही. काही क्लबांचा तर फक्त फेसच, म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभागच, फोर्ज्ड असतो. टेलरमेडच्या पी७९० या आयर्नच्या पहिल्या आवृत्तीत पोकळ शरीर ८६२० क्रमांकाच्या पोलादाचे आणि त्यावर ४१४० क्रमांकाच्या पोलादाचा फोर्ज्ड फेस होता. त्यामुळे क्लबवर कोरलेल्या अक्षरांपेक्षा डोक्याचा आकार, सोलची रुंदी आणि लॉफ्ट (फेसचा मागे कललेला कोन) पाहावेत.

हँडिकॅपच्या आकड्यावरून हा निर्णय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्या आकड्यात पटिंग (ग्रीनवरचे फटके) आणि टी-शॉटही (सुरुवातीचे फटके) मोजलेले असतात. आयर्नचा निर्णय आयर्नच्या फेसवरच व्हावा. पायाला लावायच्या पावडरीचा स्प्रे मिळतो. त्याचा पातळ थर सात नंबरच्या फेसवर मारून चेंडू मारला की त्या पांढऱ्या थरावर चेंडूच्या खळग्यांची नक्षी उमटते आणि फटका कुठे बसला ते लपत नाही. असे तीस फटके दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी मारावेत, प्रत्येक ठसा पाहून पुसावा आणि जागा लिहून ठेवावी. बहुतेक ठसे एखाद्या नाण्याएवढ्या जागेत येत असतील, तर मोठ्या फेसची क्षमाशीलता आपण फारशी वापरत नाही. ते हीलपासून (दांड्याकडची बाजू) टोपर्यंत (डोक्याचे दूरचे टोक) विखुरलेले असतील, तर आज ज्या चुका झाकल्या जातात, त्या लहान डोक्याच्या क्लबने उघड्या पडतील.

सोबत्याच्या क्लबने चेंडू आखूड पडला, यात काही प्रमाणात लॉफ्टचा भाग आहे. आपल्यासारख्या संचातील सात नंबरचा लॉफ्ट बहुधा २८ ते ३० अंशांचा असतो, तर जुन्या धाटणीच्या फोर्ज्ड सात नंबरचा ३४ च्या आसपास. एवढ्या फरकाने एक क्लब कमी-जास्त होणारच. मोबदल्यात चेंडू उंच जातो, त्याला फिरकी जास्त मिळते आणि तो उतरतो तीव्र कोनात, त्यामुळे ग्रीनवर थांबतो. पातळ फेस आणि कमी लॉफ्ट असलेल्या क्लबने कधी कधी फिरकी फारच कमी मिळते. चेंडू आणि फेस यांच्यामध्ये गवत येत असेल, तर हे हमखास घडते. आपले १६२ यार्ड तिथूनच येत असावेत.

उत्तर २

अवघड क्लब शिकवतो, या समजुतीपायी माझी दोन वर्षे वाया गेली, म्हणून कळकळीने लिहितो. हँडिकॅप १६ असताना मी चारपासून वेजपर्यंत (सर्वांत आखूड फटक्यांचा क्लब) संपूर्ण ब्लेडचा, म्हणजे मागे पोकळी नसलेल्या लहान डोक्याच्या क्लबांचा, संच घेतला. फटका चुकला की हाताला बसणारा झिणझिणा इतका नकोसा झाला की चेंडू मारण्याऐवजी मी तो सांभाळून ढकलू लागलो आणि फटक्याचा वेग मंदावला. चूक कळणे वेगळे आणि ती दुरुस्त होणे वेगळे; दुरुस्ती मला पुढे प्रशिक्षकाकडे जाऊनच करावी लागली.

आता माझ्याकडे मिश्र संच आहे: चार ते सहा नंबर क्षमाशील, आणि सातपासून पुढे फोर्ज्ड. हा मार्ग मी मनापासून सुचवेन, फक्त जोडणीच्या जागी लॉफ्ट मोजून घ्यावेत. जुन्या सहा नंबरचा लॉफ्ट २६ अंश आणि नव्या सात नंबरचा ३४ असेल, तर मध्ये आठ अंशांची दरी पडते. लगतच्या दोन क्लबांत साधारण चार अंशांचे अंतर अपेक्षित असते, त्यामुळे एवढ्या दरीत ऐन १५५ यार्डांवरून मारायला हाती क्लबच उरत नाही.

उत्तर ३

मी क्लब दुरुस्तीचे आणि लॉफ्ट व लाय (क्लब टेकवल्यावर दांड्याचा जमिनीशी होणारा कोन) बसवण्याचे काम करतो. फोर्ज्डचा खरा फायदा मला बाकावर दिसतो. १०२५ क्रमांकासारख्या पोलादात कार्बन सुमारे ०.२५ टक्के असतो. ते मऊ असल्याने शिकंज्यात धरून दोन अंश वाकवणे सहज जमते. १७-४ स्टेनलेस पोलाद मात्र एका अंशालाच अडून बसते. या मऊपणाची दुसरी बाजूही आहे: मॅटवर रोज सराव करणाऱ्यांच्या क्लबांचे कोन हळूहळू सरकतात, म्हणून वर्षातून एकदा ते तपासून घ्यावेत.

‘हाताला जेमतेम जाणवले’ हे आपले शब्द मी दोनदा वाचले. चेंडू फेसवर सुमारे अर्धा मिलिसेकंद असतो. हाताला काही कळेपर्यंत तो निघून गेलेला असतो. आपण ज्याला स्पर्श म्हणतो, त्यात आवाजाचा आणि शाफ्टचा, म्हणजे क्लबच्या दांड्याचा, वाटा मोठा असतो. सोबत्याच्या क्लबचा शाफ्ट वजनाने किंवा कडकपणाने वेगळा असेल, तर ते दोन फटके शाफ्टचेही असू शकतात. तुलना करायचीच, तर दोन्ही डोकी एकाच प्रकारच्या शाफ्टवर घेऊन लाँच मॉनिटरसमोर (चेंडूचा वेग, फिरकी आणि अंतर मोजणाऱ्या यंत्रासमोर) करावी, आणि सर्वांत लांब फटका न पाहता सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब यांतील अंतर पाहावे.

शिवाय मार्करने चेंडूवर जाड उभी रेघ काढून ती क्लबच्या फेसकडे येईल असा चेंडू ठेवावा आणि फटका मारावा. फेसवर रेघ तिरकी उमटली, तर लाय अँगल आपल्याला बसत नाही. टो वर उचललेला राहत असेल, तर उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू डावीकडे जातो.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन संध्याकाळी मिळून तीस फटके नोंदवले. एकोणीस ठसे मधोमध एकमेकांजवळ आले, अकरा टोच्या बाजूला गेले, आणि त्या अकरांपैकी आठ प्रत्येक दिवसाच्या शेवटच्या चार-पाच फटक्यांतले होते, म्हणजे मी दमल्यावरचे. रेघही थोडी तिरकी उमटली, म्हणून आधी सध्याच्या क्लबांचा लाय जमेल तितका बसवून घेतो. त्यानंतर त्याच शाफ्टवर पोकळी असलेला फोर्ज्ड सात नंबर मॉनिटरसमोर मारून पाहीन. सहा नंबरचा लॉफ्ट मोजून तो आकडा सोबत नेणार आहे.