युद्धविराम लागू असताना कदिरगामर यांची हत्या कशासाठी?

प्रश्न : नॉर्वेच्या मध्यस्थीने फेब्रुवारी २००२ मध्ये श्रीलंका सरकार आणि स्वतंत्र तमिळ राष्ट्रासाठी लढणारी सशस्त्र संघटना लिट्टे यांच्यात युद्धविराम झाला. तो कागदोपत्री लागू असतानाच १२ ऑगस्ट २००५ रोजी परराष्ट्रमंत्री लक्ष्मण कदिरगामर मारले गेले. ठपका आपल्यावर येणार हे ठाऊक असूनही लिट्टेने हा धोका का पत्करला असावा?

प्रतिसाद १ : कदिरगामर स्वतः तमिळ होते आणि लिट्टेवर परदेशांत बंदी यावी यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली होती, संघटनेच्या लेखी हा फितुरीचाच गुन्हा. कोलंबोतील घरी पोहून ते तलावाबाहेर आले, तोच शेजारच्या घराच्या वरच्या मजल्यावरून नेम धरून गोळ्या झाडल्या गेल्या. लिट्टेने हात झटकले, पण त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते.

प्रतिसाद २ : मार्च २००४ मध्ये लिट्टेचे पूर्वेकडील सेनापती करुणा संघटनेतून फुटले, ते विसरून चालणार नाही. त्यानंतर पूर्वेकडे दोन्ही गट एकमेकांची माणसे टिपू लागले आणि युद्धविरामावर देखरेख करणाऱ्या नॉर्डिक देशांच्या निरीक्षकांच्या हाती उल्लंघनांची नोंद करण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

प्रतिसाद ३ : सगळेच खून लिट्टेच्या खाती मांडू नयेत. तमिळ खासदार जोसेफ परराजसिंगम यांना २००५ च्या नाताळात बट्टिकलोआच्या चर्चमध्ये गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा संशय लिट्टेविरोधी गटावर होता.